पंधरा दिवस अजून सुरूच झालेले नाहीत

जुळे सोलापूरमधून एका ताईंचा प्रश्न आलाय. दोन खोल्यांचा फ्लॅट, भाडं ८,५००, डिपॉझिट ४०,०००, तिसरं वर्ष चालू. बिल्डिंगची ड्रेनेजची लाइन स्वयंपाकघराच्या भिंतीमागून जाते, ती कुठंतरी फुटलीय, पावसाळ्यापासून भिंत ओली, आतल्या खोलीपर्यंत काळी बुरशी चढलीय, वास वेगळाच, आणि सहा वर्षांच्या मुलाला धाप लागून दोनदा ॲडमिट करावं लागलं. मालक पुण्याला, फोन केला की "बघतो, बघतो". शेवटी ताईंनी चार महिने भाडंच बंद केलं. आता मालक म्हणतो महिनाअखेर खाली करा, नाहीतर पाण्याच्या मोटरला कुलूप घालतो. ताई विचारतात, भाडेकरूला काहीच हक्क नाही का?

आहे ना हक्क. असे प्रश्न दर पावसाळ्यात येतात, आणि मालकानं घर राहण्यालायक ठेवलं पाहिजे का, हे मी परत सांगत बसत नाही, ठेवलंच पाहिजे. पण ताई, तुमचं सगळं अडलंय ते एका कागदापाशी, जो तुम्ही अजून लिहिलेलाच नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याचं कलम १४. भाडेकरूनं दुरुस्तीची नोटीस द्यायची, नोटीस पोचल्यापासून मालकाला किमान १५ दिवस द्यायचे, तेवढ्यात त्यानं काही केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. तुमचं वर्षाचं भाडं १,०२,००० होतं, म्हणजे या वर्षी २५,५०० पर्यंत. आणि खर्चाचा हिशोब पावत्यांसकट ठेवलात तर तो मालकावर बंधनकारक असतो, हे कायद्यातच लिहिलंय. एवढं चांगलं हत्यार हातात असताना तुम्ही जून ते ऑक्टोबर फोन करत राहिलात. फोननं १५ दिवस सुरू होत नाहीत. तुम्ही म्हणाल व्हॉट्सॲप केलंय की, कायद्यात पोस्टानं किंवा दुसऱ्या कुठल्याही रीतीनं नोटीस चालते. बरोबर, चालते. पण तुमचे मेसेज मी वाचले, "दादा पाइपचं बघा ना जरा", "दादा पोराला त्रास होतोय". ही विनंती झाली, नोटीस नाही झाली. कोणती दुरुस्ती, किती दिवसात, नाही केली तर मी काय करणार, यातलं एकही त्यात नाही. मला राग येतो तो याचाच, पाच महिने पोरगं त्या हवेत झोपलं आणि ज्या कागदानं काम झालं असतं तो दीड पानाचा कागद कुणी लिहिला नाही.

वर भाडं बंद केलंत. हे कुणी सांगितलं माहीत नाही, पण आधी भाडं बंद आणि मग तक्रार असं झालं की कोर्टात चित्र उलटं दिसतं, मालक म्हणतो भाडं बुडवायचं होतं म्हणून भिंतीचं निमित्त काढलं. भाडेकरू भाडं द्यायला तयार आहे तोवर त्याला सहजासहजी काढता येत नाही, हे कलम १५ तुमचं चिलखत आहे आणि तेच तुम्ही काढून ठेवलंत. थकबाकीसाठी दावा करायचा तर मालकानं आधी लेखी मागणी करून ९० दिवस थांबायला लागतं, आणि दावा झालाच तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसात १५ टक्के व्याज आणि खर्चासकट भरून वाचता येतं. पण तिथपर्यंत जाऊ नका. चार महिन्यांचे ३४,००० या आठवड्यात बँकेतून त्याच्या खात्यावर टाका, रिमार्कमध्ये महिने लिहा. सोय नसेल तर दोन टप्प्यात टाका पण लेखी कळवून. आणि "डिपॉझिटमधून कापून घ्या" असं तोंडी बोलू नका, तो लेखी हो म्हणत नाही तोवर ते बोलणं तुमच्याच अंगाशी येतं.

आता तुमचं ॲग्रीमेंट. स्टॅम्प पेपर, नोटरीचा शिक्का, "लिव्ह अँड लायसन्स", ११ महिने, आणि मुदत संपून वर्ष उलटून गेलंय. अकरा महिन्यांचं असलं की रजिस्टर करायला लागत नाही हा समज सोलापुरात घरोघरी आहे, एजंट लोकांनी पसरवलाय. महाराष्ट्रात याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, भाड्याचा आणि लिव्ह लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर्ड पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, नाही केली तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि तुमच्या कामाचं म्हणजे, रजिस्टर्ड करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू सांगतो ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशनची फी १,००० रुपये आहे, तेवढ्यासाठी त्यानं हे केलं नाही.

पण इथं मी छातीठोक सांगणार नाही. त्याचा वकील म्हणणार की कागदावर लायसन्स लिहिलंय, लायसन्सी म्हणजे नुसती राहायची परवानगी मिळालेला माणूस, भाडेकरू नाही, कलम १४ लागूच नाही, उलट मुदत संपली म्हणून कलम २४ प्रमाणे ठरलेल्या रकमेच्या दुप्पट द्या. तुमच्या बाजूनं असं की मुदत संपल्यावरही तो महिन्याच्या महिन्याला भाडं घेत राहिला, नवा कागद केला नाही, आणि जीपेच्या नोंदीत तुम्ही "भाडं" असंच लिहिलंय. माझ्या मते तुमची बाजू बरी आहे. न्यायाधीश काय म्हणतील ते कागद बघून ठरेल. एक गोष्ट मात्र मला आवडली, ॲग्रीमेंटच्या सातव्या अटीत "किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने करावी" असं आहे. कलम १४ मधली मालकाची जबाबदारी करारात त्याच्या उलट लिहिलेलं नसेल तरच लागते, म्हणून ही अट नीट वाचा. किरकोळ म्हणजे नळाचा वायसर, बटण, कडी. भिंतीमागची ड्रेनेज लाइन किरकोळ कुठल्या अर्थानं? म्हणजे मोठी दुरुस्ती त्याच्याकडेच राहिली, हे त्याच्याच कागदावरून निघतं.

पाइप बिल्डिंगचा आहे, माझा नाही, असं तो म्हणेल. कॉमन लाइनची गळती सोसायटीनं बघायची असते हे खरं, पण सोसायटीचा मेंबर तो आहे, तुम्ही नाही. त्यानं सोसायटीला पत्र द्यायचं. तुम्ही फक्त नोटिशीची एक प्रत सेक्रेटरीकडे देऊन सही घ्या. महापालिकेच्या झोन ऑफिसलाही ड्रेनेज आणि आरोग्याची लेखी तक्रार द्या, इनवर्डचा शिक्का मारून घ्या. ते येतील कधी ते येतील, शिक्क्यावरची तारीख कामाची असते.

मोटरच्या कुलपाला घाबरू नका. पाणी, वीज, संडासची सोय तोडणं कलम २९ खाली येतं, कोर्टाकडून ताबडतोब चालू करायचा हुकूम मागता येतो. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, नळाच्या दिवशी कुलूप लागलं तर पुढचा नळ येईपर्यंत टाकी कोरडी, हे अर्जात असंच लिहायचं, न्यायाधीश पण याच गावचं पाणी पितात. कुलूप लावलं त्याच दिवशी फोटो काढा, दुसऱ्या दिवशी अर्ज.

पुरावा. तुम्ही लिहिलंय की भिंतीवरचं कॅलेंडर काढलं तर मागं कॅलेंडरएवढाच काळा चौकोन निघाला आणि शेवटची दोन पानं भिंतीलाच चिकटून राहिली. ते खरवडू नका. शेजारी आजचा पेपर धरून फोटो काढा, शेजारीण असेल तर तिलाही फोटोत घ्या. माझ्याकडे साखर पेठेतल्या वाड्याची एक केस होती, अगदी अशीच ओल, कोर्टानं पाहणीसाठी कमिशनर नेमेपर्यंत सात महिने तारखांवर गेले, आणि कमिशनर गेले तेव्हा मालकानं चुना मारून भिंत पांढरीशुभ्र केलेली. त्या म्हाताऱ्या बाईंकडे एक फोटो नव्हता. कोर्टाचं मला नवीन काही सांगायचं नाही, पण सात महिन्यात भिंत बदलते, फोटो बदलत नाही. फोटो, व्हॉइस मेसेज ज्या मोबाइलमध्ये आहेत तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका, भारतीय साक्ष्य अधिनियमात, म्हणजे पुराव्याच्या कायद्यात, कलम ६३ खाली अशा मोबाइलमधल्या पुराव्याचं सर्टिफिकेट द्यावं लागतं तेव्हा तो लागतो. आणि डॉक्टरांना सांगा की घरात ओल आणि बुरशी आहे, ते केसपेपरवर लिहून घेतील. ओलीमुळंच आजार झाला हे सिद्ध करणं अवघड आहे, त्यावर मोठी नुकसानभरपाई मिळेल अशी आशा मी लावत नाही.

त्या आदर्श भाडे कायद्याचे व्हिडिओ बघून तुम्ही विचारलंय की डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही ना. तो २०२१ मध्ये केंद्रानं राज्यांसाठी केलेला नमुना आहे, आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो, त्या व्हिडिओंवर जाऊ नका.

घर सोडावं का? माझं मत विचाराल तर दुरुस्ती नीट झाली नाही तर सोडा. ८,५०० च्या फ्लॅटसाठी तीन वर्षं कोर्ट आणि तोवर पोरगं त्याच हवेत, हा व्यवहार मला पटत नाही. पण नोटीस देऊन सोडा, व्हिडिओ काढून सोडा, चावी दिल्याची सही घेऊन सोडा, म्हणजे डिपॉझिट मागता येईल. आणि आज रात्रीपासून मुलाचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घाला, त्याला नोटीस लागत नाही.

वकिलाची फी हा प्रश्न असेल तर जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. बाईला तिथं उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. नोटीस मात्र तुम्ही स्वतःसुद्धा लिहू शकता: फ्लॅटचा पत्ता, कधीपासून ओल, कोणती लाइन, कोणती भिंत, "ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसात दुरुस्ती करा, नाहीतर कलम १४ प्रमाणे मी करून घेईन आणि खर्च भाड्यातून वळता करीन". प्लंबरचं लेखी एस्टिमेट जोडा. मालकाचा पुण्याचा पत्ता तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये नाही, या फ्लॅटचाच घातलाय, तो सोसायटीच्या रजिस्टरमधून किंवा घरपट्टीच्या बिलावरून काढा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, म्हणून काउंटरला स्पीड पोस्ट सांगा आणि डिलिव्हरीची पोच मागा. सोबत तीच नोटीस फोटो काढून व्हॉट्सॲपवर पण टाका. पोच हातात आली की त्यावरची तारीख बघा, तिथून पंधरा दिवस मोजा, आणि सोळावा दिवस उजाडेपर्यंत गवंड्याला भिंतीला हात लावू देऊ नका.