रोज दोन तास नकोत, चाळीस मिनिटं पुरेत

नोकरी सांभाळून दिवाळी अंकासाठी पहिली कथा लिहिणार असाल तर रोज दोन तासांचं वेळापत्रक आखू नका. ते आठवड्याभरात मोडतं, मग अपराधीपणापायी वहीच उघडली जात नाही. आठवड्यातले पाच दिवस, चाळीस मिनिटं धरा. फोन नुसता सायलेंट करून भागत नाही, दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिली दहा मिनिटं काही सुचत नाही. तेव्हा उठू नका, कालचा शेवटचा परिच्छेद हातानं पुन्हा उतरवून काढा. उतरवता उतरवता एखादा शब्द खटकतो, तो बदलला की पुढचं वाक्य येतं. थांबताना प्रसंग संपवू नका. ‘काकू दार उघडते आणि’ एवढ्यावर पेन ठेवा, समासात दोनच शब्द टिपा: ओली छत्री. उद्या कुठून सुरू करायचं हा घोळच राहत नाही.

लोकलमध्ये लिहायचा अट्टहास नको (उभ्यानं तर नकोच). तिथं इयरफोन काढा, माणसं कशी बोलतात ते ऐका.

संपादक कथा साधारण जुलै-ऑगस्टमध्ये मागतात. म्हणजे पहिला खर्डा मेअखेर हवा, कारण निदान तीन आठवडे तो कपाटात पडल्याशिवाय त्यातला फापटपसारा लिहिणाऱ्याला दिसत नाही.