अवसेला आणलेली गाडी

प्रश्न: मावशी, मी २९ वर्षांचा, नाशिकला असतो. गेल्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला नव्या गाडीची डिलिव्हरी घेतली. पितृपक्षात गिऱ्हाईक नसतं म्हणून शोरूमवाले चाळीस हजार कमी करत होते. आई नको म्हणत होती. बाबा हसले, "आपलेच पितर आहेत, ते कशाला रुसतील?" नवरात्रात आम्ही तिघं वणीच्या गडावर जाऊन आलो, बाबा पुढे माझ्या शेजारी. दसऱ्याच्या पहाटे ते हार्ट अटॅकनं गेले. ५४ वर्षांचे होते. आजोबाही असेच गेले. तेराव्याला काका सगळ्यांसमोर म्हणाले, "अवसेला गाडी आणलीस तेव्हाच मला वाटलं होतं." आई काही बोलत नाही, पण गाडीत बसत नाही, रिक्षानं जाते. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तरी झोप लागत नाही. गाडी विकून टाकू का?

उत्तर: बाळा, बाबा गेले तो दिवस दसऱ्याचा. साडेतीन मुहूर्तांतला एक, पंचांग न उघडता सोनं घ्यावं असा. तुमच्या घरात कुणी दसऱ्याला नावं ठेवली का? तुझ्या पत्रात तरी तसं काही नाही. सगळे दहा दिवस मागे गेले आणि अवस हुडकून आणली. अवस सापडली नसती तर शनिवार सापडला असता, नाहीतर गाडीचा काळा रंग.

अवसेची भीती कुठून आली असेल ते समजू शकतं. दिवे नव्हते तेव्हा चांदण्याविना रात्री बैलगाडी जोडणं जिवावरचं होतं. पितृपक्षाचं म्हणशील, तर तो पंधरवडा गेलेल्यांसाठी राखलेला, म्हणून त्यात लग्नकार्य नको, मिरवणं नको. माझ्या मते ही मुळात अदब होती. 'मिरवू नये' याचं 'केलंत तर वाईट होईल' कधी झालं, कुणाच्या लक्षातही आलं नसावं. आणि आपल्याकडच्या अवसा तरी बघ. आषाढी अवसेला दिवे घासून पुजतो, श्रावणातल्या अवसेला पोळा, लक्ष्मीपूजन अवसेलाच, आणि सोमवती आली की जेजुरीत भंडाऱ्यानं गड पिवळा होतो. तमिळ लोक तर नव्या कामाला अमावास्या चांगली धरतात. तिकडे स्पेनमध्ये तेरा तारखेचा मंगळवार वाईट, इंग्रजांचा तेरा तारखेचा शुक्रवार, इटलीत सतराचा. म्हणजे अरिष्टसुद्धा गावोगावी तारीख बदलून घेतं.

पण हे सगळं तुला ठाऊक असणार, आणि तरी झोप येत नाही. त्याचं कारण मला दुसरीकडे दिसतं.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एका प्रयोगाविषयी लिहिलं. लोकांना गोष्ट सांगितली: एक माणूस ऑफिसातून घरी निघाला, चौकात नशेतल्या पोरानं ट्रक घातला, माणूस गेला. काहींना सांगितलं की तो नेहमीच्या वेळी निघाला, पण त्या दिवशी रस्ता वेगळा घेतला. इतरांना सांगितलं की रस्ता नेहमीचाच, फक्त तो लवकर निघाला. मग विचारलं, घरच्यांच्या मनात 'असं झालं नसतं तर' म्हणून काय येत असेल? पहिले रस्त्याकडे वळले, दुसरे वेळेकडे. ट्रक चालवणारा नशेतला पोरगा फार थोड्यांना आठवला.

तुझं हेच झालंय. गेल्या वर्षात तुमच्या घरात रीत सोडून घडलेली गोष्ट एकच, पितृपक्षातली गाडी. मन 'जर तर' करत फिरतं आणि जिथे रीत मोडली तिथेच येऊन अडतं. त्यात तू चाळीस हजार वाचवलेस, म्हणजे लोभाचं बोचणंही हाताशी तयार. (लोभ कसला त्यात, पण रात्री दोन वाजता हे पटत नाही, मला माहीत आहे.)

तुमच्या घरातला ट्रक तू पत्रात तीन शब्दांत उरकलास: "आजोबाही असेच गेले." हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर दहा दिवसांत बसत नाही, त्याला वर्षं लागतात. बाबा शोरूमच्या दारात हसत होते तेव्हा तो बहुतेक आत होताच. वडिलांना पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला असेल तर मुलांचा धोका वाढतो असं डॉक्टर मानतात. तेव्हा या आठवड्यात रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घे. भावंडं असतील तर त्यांनाही ने. गाडीनंच ने.

आता काका. मालिनोव्स्की नावाचा अभ्यासक पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला होता. तिथले कोळी आतल्या शांत पाण्यात सरळ मासे मारायला जात, पण खुल्या समुद्रात होडी न्यायची तर आधी मंत्र म्हणत. जिथे भीती, तिथे मंत्र. काकांची अवस हा असाच मंत्र. काकांचे वडील छातीच्या दुखण्यानं गेले, आता भाऊ तसाच गेला. दोष अवसेचा निघाला तर काकांना घोर नाही, ते काही अवसेला गाडी घेणार नाहीत. दोष रक्तातला निघाला तर पुढचा नंबर कुणाचा, हे त्यांना कळतंय. बोलणं वाईटच होतं, तेही भरल्या पंगतीत. तरी भांडू नकोस. तपासणीला त्यांनाही बरोबर घे.

गाडी विकायची असेल तर पैशाचा, पार्किंगचा विचार करून वीक. शिक्षा म्हणून विकू नकोस. विकलीस की काका म्हणतील, बघा, याला पण पटलं.

राहिली आई. ती अवसेमुळे बसत नाही, असं तुला वाटतं. तिनं तसं म्हटलं आहे का? मला तुझ्या पत्रात दुसरंच दिसलं. ती त्या गाडीतून वणीच्या गडावर जाऊन आली, अवसेनंतर, आनंदानं. तेव्हा पुढे बाबा होते आणि ती मागे. आता दार उघडलं की ती पुढची सीट तिच्या समोर येते. पुढे बसायचं तर त्यांच्या जागेवर, मागे बसायचं तर ती रिकामी जागा बघत. मीही बहुधा रिक्षाच केली असती.

तिला अवसेबद्दल काही समजावू नकोस. एखाद्या संध्याकाळी तिच्याजवळ बस आणि एवढंच विचार: आई, तुला पुढे बसायला आवडेल की मागे?