स्वसंरक्षण शिबिर: किती माणसं, काय शिकवायचं?

प्रश्न: आमचा कराटेचा वर्ग आहे. परिसरातल्या नवख्या लोकांसाठी दोन तासांचं स्वसंरक्षण शिबिर घ्यायचं आहे. हॉल १२ मीटर बाय ८ मीटर. चाळीस जणांची नोंदणी करावी का?

नको. भिंतींपासून एक-एक मीटर सोडलात की हाती उरतात १० बाय ६, म्हणजे ६० चौरस मीटर. उभ्याने सराव करणाऱ्या जोडीला मोकळेपणी हलायला २ बाय ३ मीटर जागा लागते. हिशेब दहा जोड्यांवर थांबतो. वीस जण घ्या, बाकीच्यांची नावं प्रतीक्षा यादीत ठेवा आणि आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करून येणार का विचारा. चाळीस जण कोंबले तर मागे सरकणारा माणूस दुसऱ्या जोडीच्या पायात येतो. नवख्यांना मागे बघायची सवय नसते, त्यामुळे बहुतेक धडका अशाच होतात.

वीस जणांना शिकवणारा एक आणि फिरते मदतनीस दोन, हे किमान. आणखी एक ज्येष्ठ विद्यार्थी राखीव ठेवा. संख्या विषम झाली तर तो जोडीदार म्हणून उभा राहील.

सांध्यांवर टेप असलेल्या मॅट एकदा हाताने चाचपून पाहा. फट पडली असेल तर पायाचं बोट नेमकं तिथेच अडकतं. मोजे घालून कुणालाही मॅटवर येऊ देऊ नका, पाय घसरतो. अंगठ्या, बांगड्या, कानातले, घड्याळ सगळं आधी उतरवायला सांगा. नोंदणीच्या फॉर्मवर हृदयविकार, रक्तदाब, गर्भारपण, अलीकडची शस्त्रक्रिया आणि निखळलेला खांदा यांची विचारणा हवीच.

प्रश्न: दोन तासांत किती तंत्रं बसतात? आमच्या यादीत बारा आहेत.

बारातली नऊ खोडा. दुसऱ्या दिवशी नवख्याच्या लक्षात दोन-तीनच राहतात, तीही भरपूर वेळा केली असतील तर. आमची निवड अशी: मोठ्याने ओरडून अंतर राखणं, धरलेलं मनगट सोडवणं आणि तळहाताचा फटका. गळा आवळण्याची किंवा जमिनीवर पाडण्याची तंत्रं या शिबिरात आणूच नका. नीट पडायला शिकायलाच काही आठवडे लागतात.

वेळ साधारण अशी वाटता येईल: फॉर्म आणि सूचना १० मिनिटं, वॉर्म-अप आणि आवाज १५, अंतर १०, मनगट २५, पाणी ५, फटका २५, तिन्ही जोडून सराव २०, प्रश्न १०. सूचनांमध्येच थांबण्याची खूण पक्की करा: जोडीदाराला दोनदा थोपटलं किंवा 'थांब' म्हटलं की पकड त्या क्षणी सुटली पाहिजे. कुणाला अनोळखी माणसाने हात धरलेला नको असेल, तर जोडीदार बदलून घ्यायची मुभा द्या, कारण विचारू नका.

मनगटाला घाई करू नका, खरी गंमत तिथे आहे. पकडीत चार बोटं एकीकडे, अंगठा दुसरीकडे. दोन्हीची टोकं मिळतात तिथे ती सर्वांत कच्ची असते. मनगटाची अरुंद कड त्या जागेकडे वळवायची, एक पाऊल पुढे टाकायचं आणि आपलं कोपर समोरच्याच्या कोपराकडे न्यायचं. हात आपोआप निसटतो. नवखा मात्र मागे ओढतो, मग ती नुसती ताकदीची चढाओढ होते आणि खांदा दुखावतो. पकडणाऱ्यालाही शिकवा: पहिले पाच वेळा हलकं धर, मग हळूहळू घट्ट. पहिल्याच झटक्याला कुणी पूर्ण जोर लावला, तर समोरच्याला तंत्र खोटं वाटतं.

फटका तळहाताच्या टाचेने, म्हणजे मनगटालगतच्या जाड भागाने, बोटं मागे वळवून. न शिकलेली मूठ करंगळीच्या बाजूने आदळते आणि करंगळीमागचं हाड मोडतं.

प्रश्न: मागच्या शिबिरात पॅड (फटका झेलायची गादी) धरणाऱ्यांपैकी दोघांची कोपरं दुखावली. चूक कुठे झाली?

पॅड हात लांब करून धरला असणार. कोपर सरळ असलं की फटक्याचा सगळा जोर सांध्यावरच येतो. चेहऱ्यासमोर धरला, तर पॅड उलटून धरणाऱ्याच्याच नाकावर बसतो. मोठा पॅड छातीला चिकटवायचा, कोपरं अंगालगत, एक पाय मागे, गुडघे किंचित वाकलेले, डोकं बाजूला. पॅड धरायला पाच मिनिटं स्वतंत्र द्या, त्यात फटका मारूच देऊ नका.

बोट किंवा मनगट मुरगळलं तर बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं लावा. हाड वाकडं दिसलं किंवा बोट हलवता येईना, तर थेट डॉक्टर. डोक्याला मार बसून चक्कर, मळमळ किंवा गोंधळल्यासारखं झालं, तर त्या व्यक्तीचा सराव त्या दिवसापुरता संपला. तिला एकटं सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: शिबिर संपताच प्रवेशाची माहिती द्यावी का?

दारापाशी कागद ठेवा, तेवढं पुरे. मॅटवर जाहिरात नको. त्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांनी त्याच वीस जणांना अर्ध्या तासाच्या उजळणीला बोलवा. मनगट कसं सोडवायचं हे किती जणांना आठवतं, ते तिथे समजेल. पुढच्या शिबिरात पंचवीस मिनिटं पुरतात की पस्तीस लागतात, ते त्यावरून ठरवा.