मे महिन्यात मुंबईहून जैसलमेरला फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी) नेतोय. तिथल्या सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांत टायरची हवा किती ठेवावी?
वाळूत उतरण्याआधी चारही टायर १८ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) आणा. तरीही गाडी रुतली तर १५. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो, वजन पसरतं आणि चाक खड्डा खणत बसत नाही. १२च्या खाली मात्र नको, जोरात वळवलं की टायर रिमवरून निसटतो. डांबरी रस्त्याला लागण्याआधी कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत हवा परत भरा. ४५ अंशांत कमी हवेचा टायर वेगात तापून फुटू शकतो. हवा भरायला कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या, लायटर सॉकेटवर फ्यूज उडू शकतो. हे आकडे साधारण दोन टनांच्या गाडीचे; सामान भरपूर असेल तर २ पीएसआय जास्त ठेवा. पिण्याचं पाणी माणशी रोज ८ लिटर. आणि कृपा करून एकट्या गाडीने वाळूत उतरू नका.