नाक पाण्यात जाणारच, ते बाहेर कसं येतं ते बघा

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात छोट्या रेसिंग कॅटमरानबद्दल जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, आणि त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचा सगळा स्तंभ त्यालाच दिलाय. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी एका ओळीत सांगतो, दोन बारीक लांबट हल (म्हणजे बोटीचं पाण्यात बसणारं अंग), ते जोडणारे दोन आडवे बीम, मध्ये ताणून बसवलेली जाळी आणि वर उंच शीड, अशी ही बोट.

ए-क्लास कॅटमरानचे फोटो पाहिले. पुढचं टोक उलटं कापल्यासारखं दिसतं, म्हणजे वरचा भाग मागे आणि खालचा पुढे. आपल्याकडच्या होड्यांची नाळ तर वर आणि पुढे झुकलेली असते. ही फॅशन आहे की खरंच काही कारण आहे? – वाचक, ठाणे

कारण आहे, आणि मला विचाराल तर गेल्या वीसेक वर्षांत या बोटींमध्ये जे काही बदललं त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ए-क्लास ही एकट्यानं चालवायची बोट. नियम अगदी मोजके, लांबी जास्तीत जास्त ५.४९ मीटर, रुंदी २.३० मीटर, वजन कमीत कमी ७५ किलो, शीड १३.९४ चौरस मीटर. यात बसवलं की हलचा आकार डिझायनरनं ठरवायचा. आता लांबी मोजतात ती टोकापासून टोकापर्यंत, मग टोक वर झुकवून हवेत लांबी वाया कशाला घालवायची? पाण्याच्या रेषेवरच पूर्ण लांबी मिळाली तर हल तेवढा लांब, आणि लांब बारीक हल पाणी कापताना लाट कमी उठवतो. हे झालं सोपं कारण.

खरं कारण आहे नाक खुपसणं. शिडाचा जोर वर लागतो, पाण्याचा विरोध खाली लागतो, त्यामुळे वारा मागून किंवा बाजूनं जोरात आला की बोट पुढे पळता पळता पुढच्या बाजूला झुकते आणि वाऱ्याच्या पलीकडच्या हलचं टोक पाण्यात जायला लागतं. आणि इथे एक वाईट साखळी सुरू होते जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बोट वाऱ्याच्या दिशेनं पळत असते तोवर तिला वारा कमी जाणवतो, जसं मागून वारा असताना स्कूटरवर हवा लागत नाही तसं. नाक पाण्यात घुसलं, बोटीला ब्रेक लागला, की तोच वारा एकदम दुप्पट झाल्यासारखा शिडावर आदळतो, नाक अजून खाली, ब्रेक अजून घट्ट, आणि मग बोट पुढच्या पुढे कोलांटी घेते.

हे मी स्वतः भोगलंय. मुंबई हार्बरमध्ये, दुपारचे खारे वारे चांगले लागलेले, होबी १६ वर आम्ही दोघं, मी ट्रॅपीझला, म्हणजे डोलकाठीवरून येणाऱ्या तारेला, लटकून बाहेर. होबी १६ ही जुनी आणि गुणी बोट, ५.०५ मीटर लांब, १४५ किलोची, खाली केळ्यासारखा बाक, डॅगरबोर्ड (बोट आडवी वाहू नये म्हणून हलखाली पाण्यात सोडायची फळी) नाही, किनाऱ्यावरच्या वाळूतून थेट लाटेत ढकलायची. पण तिची नाकं बारीक आणि वर डेक सपाट. तर त्या दिवशी पलीकडच्या टोकावरून आधी फक्त ओंजळभर पाणी डेकवर चढलं. हिरवट, काचेसारखं, शांत. मला अजून दिसतं ते. पुढच्या क्षणी ते पाणी बीमपर्यंत आलं, बोट जागच्या जागी थांबली आणि मी तारेसकट पुढे झोका घेऊन पुढच्या दोरखंडाला वळसा मारून पाण्यात. डोलकाठीचं टोक खालच्या चिखलात रुतलं. बोट सरळ करायला अर्धा तास गेला, आणि वर आली तेव्हा शिडाच्या टोकाला काळाकुट्ट गाळ लागलेला होता.

म्हणजे दोष नाक पाण्यात गेल्याचा नव्हता, तर सपाट डेकनं फावड्यासारखं पाणी धरून ठेवल्याचा होता. पूर्वी यावर उपाय म्हणून नाक उंच आणि वर फुगीर करायचे, म्हणजे ते बुडूच नये. पण अशा नाकाला लाट लागली की तरंगण्याचा जोर एकदम येतो, बोट वर उसळते, शीड हलतं, त्यातला वारा सांडतो, आणि प्रत्येक लाटेवर हेच होतं. नव्या डिझायनरनी प्रश्नच उलटा केला. नाक पाण्यात जाणारच हे धरून चला, आणि गेलेलं नाक न थांबता बाहेर कसं येईल ते बघा. म्हणून फुगवटा खाली आणि पुढे नेला, डेक अरुंद आणि गोलसर केला, टोक उलटं कापलं. आता नाक लाटेच्या आरपार जातं, वरचं पाणी दोन्ही बाजूंनी घसरून जातं, ब्रेक लागत नाही, आणि खालचा फुगवटा त्याला हळूहळू वर आणतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गेली बोट, आणि तेवढ्यात ती तशीच पळत बाहेर येते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी सवयीनं श्वास रोखून पुढच्या कोलांटीची वाट बघत होतो आणि काहीच झालं नाही, फक्त तोंडावर पाणी आलं.

आमच्याकडे मालवणात उलांडीची होडी असते. कॅटमरान म्हणजे तीच का? – वाचक, मालवण

भावकीतली आहे म्हणा, पण तीच नाही. उलांडीच्या होडीत मुख्य होडी एकच, आणि एका बाजूला आडव्या दांड्यांवर बांधलेलं लाकूड तिला कलंडू देत नाही. कॅटमरानमध्ये दोन्ही हल सारखेच. तत्त्व मात्र एकच, की होडी बारीक ठेवायची आणि आधार लांबवर न्यायचा. रुंद होडी आपल्या रुंदीमुळे स्थिर राहते पण पाणी जास्त ढकलते, इथे हल हातभर रुंद असला तरी दोन हलमधलं अंतर मोठं असल्यामुळे बोट उभी राहते. आणि तुमच्या मालवणच्या माणसाला हे कुणी शिकवायची गरज नाही.

शब्दाची गंमत अशी की कॅटमरान आला तमिळमधून, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं, आणि ते खरं तर ओंडके बांधून केलेला तराफा. दोन हलची रचना पॅसिफिकमधल्या बेटांवरची, नाव मात्र आपल्या पूर्व किनाऱ्याचं चिकटलं. रेसिंगमध्ये ती गाजली १८७६ मध्ये, नॅथनिएल हेरेशॉफनं अमेरिकेत ॲमेरिलिस नावाची कॅटमरान बांधून न्यूयॉर्कच्या रेगाटात, म्हणजे शर्यतींच्या मेळाव्यात, उतरवली आणि एका हलच्या बोटींना मागे टाकलं. त्यावर हरलेल्यांनी तक्रार केली आणि पुढे अशा बोटींना त्यांच्या शर्यतीत बंदीच घातली. मला ही गोष्ट वाचली की अजून राग येतो, चांगली कल्पना कित्येक वर्षं मागे पडली त्यानं.

आम्ही नवरा-बायको कामानिमित्त नेदरलँड्सला आहोत, इथे क्लबमध्ये शिकलो, आता स्वतःची एफ१८ घ्यायचीय आणि कधीतरी टेक्सेलची शर्यत करायचीय. दहा-पंधरा वर्षं जुनी बोट परवडते, पण सगळे म्हणतात नव्या हलशिवाय मजा नाही. काय करावं? – वाचक, रॉटरडॅम

जुनी घ्या. आणि हे मी पैसे वाचवायचा सल्ला म्हणून नाही सांगत.

एफ१८ ही दोघांनी चालवायची कॅटमरान, तिचं माप ठरलेलं आहे, लांबी ५.५२ मीटर, रुंदी २.६० मीटर, वजन किमान १८० किलो. जिब (पुढचं छोटं शीड) आणि स्पिनेकर (वाऱ्यासोबत जाताना उघडायचं मोठं फुगीर शीड) दोन मापांत, हलक्या जोडीनं छोटी आणि जड जोडीनं मोठी वापरायची ही मूळ कल्पना, त्यामुळे तुमच्यासारख्या नवरा-बायकोच्या जोडीला ही बोट खरंच झेपते. नाक्राची इन्फ्युजन असो की होबीची वाइल्डकॅट, त्या पिढीतल्या बोटींना मघाशी सांगितलेलं नाक आलेलंच आहे. त्यानंतर हल अजून सुधारले हे खरं, बाक कमी झाला, मागचा तळ सपाट झाला, बोट पुढे-मागे कमी डुलते. पण तो फरक वर येतो जेव्हा दोन्ही बोटींवरची माणसं एकसारखी चांगली असतात. तुमच्या पातळीला एक टॅक, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला वळणं, फसला, बोट वाऱ्यात तोंड करून अडकली, की जेवढं नुकसान होतं तेवढं हलच्या आकारानं भरून निघणार नाही.

मात्र जुन्या बोटीचा हल नीट तपासा. एक नाणं घ्या आणि अख्ख्या हलवर टकटक करत जा, डॅगरबोर्डच्या खाचेभोवती आणि पुढच्या बीमजवळ विशेष करून. कडक टणटण आवाज आला तर ठीक. मध्येच थबथब असा बसका आवाज आला म्हणजे आतला फोम आणि बाहेरचा थर सुटलेत, तिथे अंगठा दाबून बघा, दबत असेल तर ती बोट सोडा, कितीही स्वस्त असली तरी. बीमचे बोल्ट घट्ट आहेत ना, एका हलला हातानं हलवलं तर दुसऱ्याला लगेच कळतंय ना, हेही बघा, कारण ढिली बोट लाटेत पिळवटते आणि सगळा वेग त्यातच जातो. शक्य असेल तर वजनकाट्यावर चढवा, पाणी प्यायलेली बोट तिथे पकडली जाते. वाचलेल्या पैशांत नवीन मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, घ्या. आजकाल शिडाची खालची कड थेट जाळीपर्यंत आणतात, डेकस्वीपर म्हणतात त्याला, खालच्या फटीतून निसटणारी हवा अडते आणि शिडाचा जोर थोडा खाली येतो, म्हणजे परत नाकावरचा भार कमी. घेताना फक्त तुमच्या क्लासच्या आजच्या नियमात बसतंय ना ते विचारून घ्या.

टेक्सेलबद्दल सांगायचं तर ती १९७८ पासूनची शर्यत, बेटाला पूर्ण फेरी, जवळपास १०० किलोमीटर. एका बाजूला उघडा नॉर्थ सी आणि दुसऱ्या बाजूला वाडन सीचा उथळ भाग, तिथे भरती-ओहोटी आणि वाळूचे बांध सगळं ठरवतात. आधी एक सीझन तिथलं पाणी बघा, जुन्या लोकांच्या मागे मागे जा, मग नाव घाला.

मुलगी १५ वर्षांची आहे, खडकवासल्याला डिंगी (एका हलची छोटी शिडाची होडी) शिकली, आता कॅटमरानवर क्रू म्हणून रेगाटाला जायचं म्हणते. डिंगीच्या शर्यतीपेक्षा यात वेगळं काय? मुलगी म्हणून मागे तर पडणार नाही ना? – वाचक, पुणे

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. ऑलिंपिकमधला नाक्रा १७ हा वर्ग २०१६ च्या रिओपासून मिश्र जोडीचाच आहे, एक स्त्री आणि एक पुरुष, कुणी सुकाणू धरायचं ते जोडीनं ठरवायचं. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेत आणि २०२४ ला पॅरिसच्या स्पर्धेत, म्हणजे मार्सेच्या पाण्यात, इटलीच्या रुजेरो टीटा आणि कातेरीना बांती यांनी लागोपाठ सोनं घेतलं. बांती क्रू, आणि त्या बोटीवर क्रू म्हणजे काय तर शिडाच्या दोऱ्या, ट्रॅपीझ, आणि फॉइलवर, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर, उडणारी बोट पातळीत ठेवणं, सगळा वेळ. तेव्हा काळजी नको.

शर्यतीतला फरक असा. सुरुवातीच्या इशाऱ्यांचा क्रम तोच, पाच मिनिटं आधी, मग चार, एक आणि स्टार्ट. पण डिंगी जशी रेषेवर शीड सोडून उभी ठेवता येते तशी कॅटमरान ठेवता येत नाही, ती आडवी वाहत जाते, आणि निघाली की एवढ्या लवकर वेग घेते की दोन सेकंद घाई झाली तरी रेषेपलीकडे. टॅकला वेळ लागतो, दोन लांब हल वळवायचे असतात, सुकाणू हळू ढकलायचं आणि जिब थोडी उशिरा सोडायची. म्हणून वाऱ्याकडे जाताना डिंगीसारखं दर दोन मिनिटांनी टॅक करून चालत नाही, वरच्या मार्कपर्यंत (वाऱ्याकडची, वळसा घालायची खूण) किती टॅक घ्यायचे ते आधीच मनात हवं. आणि वाऱ्यासोबत येताना सरळ मार्ककडे तोंड करून कुणीच येत नाही, सगळे तिरपे तिरपे येतात, कारण अंतर वाढलं तरी बोट स्वतःच्या वेगानं स्वतःचा वारा तयार करते आणि तिरपीच लवकर पोचते.

सगळ्यात अवघड जागा वरच्या मार्कची. तिथे वळताना बोट वाऱ्याला आडवी येते, जोर सगळ्यात जास्त, आणि मगाचं ते नाक. तिला सांगा, वळायच्या आधीच ट्रॅपीझवरून सरकत अगदी मागच्या टोकाशी जायचं, पाय रुतवून बसवायचे, मग सुकाणूवाल्याला ओरडून सांगायचं की वळव. उलट क्रमानं केलं तर उशीर झालेला असतो.

आणि एक गोष्ट तिला नक्की सांगा. रिओला सोनं घेतलं अर्जेंटिनाच्या सान्तियागो लांगे आणि सेसिलिया करान्सा यांनी. लांगे तेव्हा ५४ वर्षांचे, आदल्याच वर्षी कर्करोगामुळे फुफ्फुसाचं ऑपरेशन झालेलं. शेवटच्या शर्यतीत त्यांच्यावर पेनल्टी आल्या, म्हणजे बाकीचे पुढे जात असताना बोट गोल फिरवायची. त्यांनी फिरवली, परत पळाले, आणि एका गुणानं जिंकले.

चष्मा आहे, पोहायला बेताचं येतं. ट्रॅपीझ करता येईल का? – वाचक, वसई

चष्म्याची अडचण नाही, मागून घट्ट दोरी बांधा, दोन्ही काड्यांना. पोहण्याचं मात्र आधी बघा, खोल पाण्यात लाइफ जॅकेट घालून दहा मिनिटं न घाबरता तरंगता आलंच पाहिजे, त्याशिवाय हार्नेस (ज्याचा हुक ट्रॅपीझच्या तारेत अडकवतात तो अंगावरचा पट्टा) चढवू नका. बोट उलटली आणि तुम्ही जाळीखाली सापडलात तर वर डोकं आपटत बसू नका, हातानं जाळी धरून एकाच दिशेला सरकत राहा, कड फार लांब नसते. आणि हार्नेसचा हुक एका हातानं, न बघता, सोडायची सवय घरी खाटेच्या पट्टीला लटकून करा, पन्नास वेळा उजव्या हातानं, पन्नास वेळा डाव्या.