नाव नीट लिहून घे

रत्नागिरी

प्रिय मुली,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. उत्तर फोनवर टाइप करून देण्यासारखं नव्हतं, म्हणून कागद घेऊन बसले.

ब्रह्मदेशातल्या, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या, राजबंद्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने तुला बोलावलंय, आणि बाबा म्हणतात, 'तिकडचं आपल्याला काय पडलंय? आधी आपलं बंदर बघ.' बाबांवर रागावू नको गो. मिरकरवाड्यातून पहाटे बोट काढणाऱ्या तांडेलाने हा प्रश्न विचारायलाच हवा. आणि ज्याला त्याचं उत्तर देता येत नाही त्याने या कामात पडू नये, असं मला आजही वाटतं.

माझं उत्तर थिबा पॅलेसवर आहे. इंग्रजांनी 1885 मध्ये ब्रह्मदेशातलं मंडालेचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी तिथल्या थिबा राजाला इथे आणून ठेवलं. तीस वर्षं तो रत्नागिरीत होता, 1916 मध्ये इथेच गेला. त्याच मंडालेच्या तुरुंगात 1908 ते 1914 आपल्या रत्नागिरीत जन्मलेले टिळक होते. 1912 मध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या, ते त्यांना तुरुंगातच कळलं. माणसाला त्याच्या माणसांपासून समुद्रापलीकडे नेऊन टाकलं की तो हळूहळू लोकांच्या मनातून उतरतो, हा हिशेब तेव्हा इंग्रजांचा होता, आज तिथल्या लष्कराचा आहे. टिळकांचं नाव विसरू न देणारी माणसं मागे होती. सगळ्यांच्या मागे नसतात.

आणि बाबांना एवढंही सांग. 2008 च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला एकमेकांना आपल्या तुरुंगांतल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. पालघरकडच्या कितीतरी घरांनी त्या यादीची वाट बघितली आहे. यादीत नाव असणं म्हणजे काय, हे बाबांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तुझं काम मुळात तेच असणार आहे. लोकशाही, मानवाधिकार हे शब्द बाहेर पाटीवर असतात. आत टेबलावर यादी असते. नाव, वडिलांचं नाव, वय, गाव, कधी उचललं, कोणतं कलम लावलं, कोणत्या तुरुंगात, शेवटचं कोणी पाहिलं. थाई सीमेवरच्या मे सॉटमध्ये 2000 साली सुटून आलेल्या राजबंद्यांनीच 'असिस्टन्स असोसिएशन फॉर पोलिटिकल प्रिझनर्स' ही संस्था काढली. 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हापासून किती धरले, किती मारले हा आकडा जगभरची वर्तमानपत्रं तिच्याकडून घेतात. तो आकडा टिकतो, कारण एकेका नावासाठी कोणीतरी चार-चार फोन केलेले असतात.

मी दिल्लीत हे काम केलं तेव्हा तिथे ब्रह्मदेशातल्या 1988 च्या लष्करविरोधी उठावानंतर पळून आलेली विद्यार्थी मंडळी होती. ब्रह्मी लोकांत आडनाव नसतं, हे मला माहीत होतं. 'ऊ' म्हणजे आपलं श्री, 'डॉ' म्हणजे श्रीमती, हेही. आपल्याकडे राशीवरून अक्षर काढतात तसं त्यांच्याकडे जन्मवारावरून नावाचं अक्षर धरायची रीत आहे, त्यामुळे एका नावाची शंभर माणसं भेटतात. एवढं माहीत असूनही एका संध्याकाळी यादी साफ करताना मला एकच नाव दोनदा दिसलं. वय एक, गावही एकच. चुकून दोनदा लिहिलंय असं धरून मी एक ओळ खोडली. वडिलांच्या नावाचा रकाना दोन्हीकडे रिकामा होता. तो कोणाला तरी विचारून भरावा, हे मी त्या दिवशी केलं नाही.

सात महिन्यांनी सीमेवरून एका बाईचा फोन आला. दुभाष्या मुलगा ऐकत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. ती एवढंच विचारत होती की शेजारणीच्या मुलासाठी परदेशांतून पत्रं जातात, माझ्या मुलासाठी का जात नाहीत? ते दोघे होते. सात महिने तिचा मुलगा माझ्या पेनाच्या एका रेघेखाली होता. रकाना रिकामा असेल तर तो भरल्याशिवाय उठू नकोस, रात्र झाली तरी.

नाव जाहीर करायच्या आधी घरच्यांना विचार, दर वेळी. नाव बाहेर आलं की मारहाण थांबते असा अनुभव आहे, आणि नाव बाहेर आलं म्हणून धाकट्या भावाला उचललं असाही आहे. ते ओझं कोणी घ्यायचं, हे आईने ठरवायचं. दिल्लीत पंख्याखाली बसलेल्या आपण नाही. फोटो आला तर तो कुठे काढला याची खूण फाइलमध्ये राहते, ती आधी काढून टाक.

भिंतीवर कोणाची तसबीर लावू नकोस. आमच्या ऑफिसात ब्रह्मदेशातल्या लोकशाही चळवळीच्या नेत्या आँग सान सू ची यांची होती. 1991 चं नोबेल, वर्षानुवर्षांची स्थानबद्धता. आम्ही त्यांच्यासाठी जीव टाकायचो. 2017 मध्ये तिथल्या लष्कराच्या अत्याचारांमुळे सात लाखांवर रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळाले, आणि डिसेंबर 2019 मध्ये त्याच बाई हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्या आरोपांवर आपल्या देशाचा बचाव करायला उभ्या राहिल्या. मला किती दिवस जेवण गेलं नाही. आज त्या पुन्हा लष्कराच्या कैदी आहेत, आणि त्यांचं नाव यादीत असलंच पाहिजे, रोहिंग्या पोरांच्या नावांच्या शेजारी, त्याच अक्षरांत. ज्या संस्थेला यातलं एकच नाव लिहावंसं वाटतं, तिथे जाऊ नकोस.

पैशाचं थोडक्यात. मुलाखतीत पगाराआधी विचार, पैसा कोणाचा येतो. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने मदत थांबवली आणि थाई सीमेवरच्या निर्वासित छावण्यांतले दवाखाने काही दिवसांत बंद झाले. एकाच सरकारच्या पैशावर चालणारी संस्था अशी एका सहीने बसते. परदेशी पैसा घेणारी असेल तर तिची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी चालू आहे का, तेही बघ. आणि तिथे निर्णय कोण घेतं? ब्रह्मी माणसं, की त्यांच्या वतीने बोलणारे आपण?

ब्रह्मी भाषा शिकायला आजपासून लाग. निदान लिपी तरी.

मी पुढचा आठवडाभर घरीच आहे. माझी दिल्लीची वही पडवीतल्या कपाटातून काढून ठेवलीय, ती खोडलेली ओळही तिच्यात आहे. येऊन घेऊन जा. शेवटची पानं वाळवीने खाल्लीत, सांभाळून उलट. बाबांनाही घेऊन ये, घावणे करते.

तुझी,
मावशी