परसातले ब्लूबर्ड : वाचकांचे प्रश्न

आम्ही अमेरिकेत ओहायोत राहतो. सुंदर रंगवलेलं, दारापुढे बसायला दांडी असलेलं पक्ष्यांचं घर आणून मेपलच्या फांदीला टांगलं. ब्लूबर्ड (छोटे निळे पक्षी) कुंपणावर रोज येतात, पण घराकडे फिरकत नाहीत. काय चुकतंय?

खोका आणि जागा, दोन्ही. दांडी आधी काढा. ब्लूबर्डला तिची गरज नसते, उपऱ्या चिमण्यांची मात्र सोय होते. मग आत शिरायचं भोक मोजा. तुमच्याकडच्या ब्लूबर्डला दीड इंच व्यासाचं भोक लागतं. त्याहून फार मोठं असेल तर स्टार्लिंग, म्हणजे साळुंकीचा भाऊबंद, आत शिरतो. तळ 4 ते 5 इंच चौरस आणि भोक तळापासून निदान 5-6 इंच वर हवं. लाकूड सीडर किंवा पाइनचं, पाऊण ते एक इंच जाड, आतून न रंगवलेलं. फळी पातळ असेल तर भर उन्हाळ्यात आत भट्टी होते. छपराखाली हवेसाठी फट, तळाला निचऱ्याची पाव इंची भोकं, आणि एक बाजू उघडणारी. ज्या खोक्यात डोकावता येत नाही, तो शोभेलाच ठेवावा.

झाडावर तर टांगूच नका. रॅकून (इथला मांजराहून मोठा जंगली प्राणी), मांजर, साप सगळेच खोड चढतात. गुळगुळीत धातूचा खांब रोवा, भोक जमिनीपासून साधारण 5 फुटांवर येऊ द्या आणि खोक्याखाली बॅफल, म्हणजे चढणाऱ्या प्राण्याला रोखणारा अडसर, लावा. 8 इंच व्यासाचा, 2 फूट लांब स्टोव्हपाइपचा तुकडा पुरतो. त्याचं वरचं तोंड जाळीने बंद करा आणि तो खांबावर थोडा डुगडुगता ठेवा. घट्ट बसवलेल्यापेक्षा हलणाऱ्या पाइपवर चढणं जास्त कठीण. जागा मोकळी, आखूड गवताची निवडा, कारण हा पक्षी उंचावर बसून गवतातला किडा हेरतो. भोकासमोर 100 फुटांच्या आत एखादं झाड असलं तर पिल्लांच्या पहिल्या झेपेला आसरा मिळतो. दाट झुडपं मात्र जवळ नकोत, तिथे हाऊस रेन हा दुसऱ्यांची अंडी टोचणारा छोटा पक्षी असतो. ट्री स्वॉलोने (पाकोळीसारखा पक्षी) खोका बळकावला तर साधारण 15 फुटांवर दुसरा लावा. स्वॉलो आपल्या जातभाईंना हाकलतो, शेजारी ब्लूबर्ड मात्र चालवून घेतो.

खोक्यातली अंडी फुटलेली दिसली. हे काम चिमणीचं की आणखी कोणाचं?

खुणा बघा. अंड्यांना बारीक टोचे, किंवा टोचलेली अंडी खाली पडलेली, तर संशय रेनवर. पिल्लं किंवा आई मेलेली, डोक्यावर चोचीच्या जखमा, तर चिमणी. घरटं जागच्या जागी पण अंडी गायब, तर बहुधा साप. घरटं भोकातून ओढून बाहेर काढलेलं, तर रॅकून किंवा मांजर. म्हणजे बॅफल नाही, किंवा कुचकामी आहे.

इथली चिमणी म्हणजे आपली चिऊताईच, 1850 च्या दशकात युरोपातून आणून सोडलेली. तिच्याबद्दल कितीही माया असली तरी या खोक्यात तिला थारा देऊ नये. तिचं घरटं लगेच ओळखू येतं: राठ गवत, पिसं, कागदाचे कपटे, सगळं भोकापर्यंत कोंबलेलं. ब्लूबर्डचं मात्र बारीक गवताची किंवा पाइनच्या सुयांची नीटस वाटी. 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं संरक्षण चिमणीला नाही, त्यामुळे तिचं घरटं काढता येतं. रेन आणि स्वॉलो यांच्या अंडी असलेल्या घरट्याला हात लावणं बेकायदा. पण चिमणीचं घरटं वारंवार उपसलं की नर चवताळून शेजारच्या खोक्यांवर जातो. त्यापेक्षा खोकाच इमारतींपासून दूर हलवा, आणि दाणापात्रातली बाजरीवर्गीय धान्यं व भरडलेला मका बंद करा.

ब्लूबर्डचं पहिलं अंडं आलं की चिमण्यांना बिचकवायला छपराच्या वर चमकत्या मायलरच्या (पातळ प्लास्टिकच्या) पट्ट्या लोंबत्या लावा, टोकं छपराला टेकतील इतक्या लांब. आधी लावल्या तर ब्लूबर्डच बिचकतो. पिल्लं उडाली की काढा, नाहीतर चिमण्या सरावतात.

खोका किती वेळा उघडावा? माणसाचा हात लागला की आई घरटं सोडते म्हणतात.

तेवढ्याने सोडत नाही. आठवड्यातून एकदा, कोरड्या हवेत, आधी टिचकी मारून, मिनिटभर बघा. अंडी साधारण 4-5, फिकट निळी. उबवायला 12 ते 14 दिवस. पिल्लं 12-13 दिवसांची झाली की खोका उघडायचाच नाही, दचकून ती वेळेआधी बाहेर उडी मारतात. साधारण अडीच आठवड्यांनी ती स्वतःच निघतात. मग जुनं घरटं काढून खोका झाडून घ्या. त्याच मोसमात दुसरी वीण होऊ शकते.

मीलवर्म (पक्ष्यांना खायला घालतात त्या किड्यांच्या अळ्या) किती द्यावेत?

मूठभर, दिवसातून एक-दोनदा, खोक्यापासून थोड्या अंतरावर. वाळलेले असतील तर भिजवून. नुसत्या मीलवर्मवर मात्र पिल्लांना कॅल्शियम कमी पडतं. परसात कीटकनाशक फवारत असाल तर आधी ते थांबवा.